‘कर’ लावण्याची रीत

शहराच्या नावावरून त्या शहराच्या रहिवाशांना जे संबोधन प्राप्त होते, ते कसे घडवावे आणि कसे लिहावे यासंबंधी आपल्या छापील मराठीत जी बेपर्वाई माजली आहे, तिच्याकडे संपादकांचे, शिक्षकांचे आणि सरकारी दफ्तरांतील जबाबदार मंडळींचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. एकाच दिवसाच्या एकाच पानावर वरच्या बातमीत ‘सोलापूरकर’, तिच्याखाली ‘सोलापुरकर’ आणि शेजारच्या जाहिरातीत ‘सोलापूरवासीय’ अशी तीन रूपे शेजारी शेजारी नांदताना आढळतात, आणि ती वाचणाऱ्या शाळकरी मुलाने यांतले कोणते खरे मानावे, याची जबाबदारी कोणीच आपल्याकडे घेत नाही. माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारणे हा मराठी भाषेचा फार जुना आणि फार जिव्हाळ्याचा व्यवहार आहे. त्या हाकेतच चूक व्हावी, ही मला क्षुल्लक गोष्ट वाटत नाही.

यांतील सर्वांत मोठा घोटाळा ‘पूर’ या पदाचा आहे. संस्कृतात ‘पुर’ शब्दातील उकार ऱ्हस्व असल्यामुळे ‘नागपुर’ असे लिहिण्याचा आग्रह धरणारे पंडित पूर्वी होते आणि हिंदीत आजही तसेच लिहितात. परंतु मराठी माणूस तो उकार लांबवूनच उच्चारतो, हे ध्यानात घेऊन मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि 1962 साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांत ग्रामनामाच्या अखेरीचा ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा निःसंदिग्ध निर्णय दिलेला आहे. हा निर्णय होऊन साठ वर्षे उलटली तरी गोंधळ मिटला नाही, याचे एक कारण ज्याला पाहायचे असेल त्याने नागपूरच्या रेल्वे स्थानकावरील पिवळी पाटी पाहावी. तीवर एक ओळ मराठीची आणि एक हिंदीची, दोन्हींची लिपी देवनागरी, आणि फरक काय तो एका उकाराचा. प्रवाशाच्या डोळ्यांत दोन्ही रूपे सारख्याच अधिकाराने शिरतात. त्यात भर पडते ती आपल्याच व्याकरणाची. ‘नागपूर’ला विभक्तीचा प्रत्यय लागला की उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो आणि आपण ‘नागपुरात’, ‘नागपुराहून’ असे लिहितो. तसाच तो ‘नागपुरी’ या विशेषणात ऱ्हस्व होतो. मग ‘नागपुरात’ जर बरोबर, तर ‘नागपुरकर’ का नको, असा प्रश्न एखाद्या प्रामाणिक मुद्रितशोधकाला पडला, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याचे उत्तर असे की ‘नागपुरात’ म्हणताना शब्दाचे सामान्यरूप होते, ‘र’चा ‘रा’ होतो आणि आघात पुढे सरकतो. ‘कर’ मात्र नावाचे सामान्यरूप मागत नाही, तो ‘नागपूर’ या उभ्या नावालाच येऊन चिकटतो, आणि म्हणून नावातील दीर्घत्व अबाधित राहते. ज्यांना ही मीमांसा किचकट वाटेल, त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे आडनाव आठवावे. ‘चिपळुणात’ राहणारा तो ‘चिपळूणकर’, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, आणि लेखननियमांतच जेथे जुन्या गद्याचे उतारे कसे छापावेत हे सांगितले आहे, तेथे हे नाव दीर्घ ‘ळू’नेच आलेले आहे. त्याच न्यायाने कोल्हापूरकर, सोलापूरकर, लातूरकर, पंढरपूरकर, इंदूरकर.

आकारान्त आणि एकारान्त नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे नियमापेक्षा जिभेची सवय बलवत्तर ठरते. पुणे, ठाणे, धुळे ही नावे जशीच्या तशी राहून पुणेकर, ठाणेकर, धुळेकर होतात. साताऱ्याचा शेवटचा ‘आ’ मात्र गळून पडतो आणि ‘सातारकर’ होतो. ‘साताराकर’ असे म्हणणारा मनुष्य साताऱ्याचा नव्हे, हे कोणीही सातारकर ओळखील. बडोद्याच्या ‘आ’चा ‘ए’ होतो, आणि हिराबाईंच्या नावामुळे ‘बडोदेकर’ हा शब्द संगीताच्या रसिकांच्या ओठी कायमचा बसला. कलकत्त्याचे कलकत्तेकर झाले तेही असेच. आता ‘आ’ केव्हा गळतो आणि केव्हा ‘ए’ होतो, याचा एकच एक सिद्धान्त मांडण्याचा मोह वैयाकरणाला होईल. परंतु अकोल्याकडे पाहिले की तो मोह ओसरतो, कारण तेथे आडनाव ‘अकोलकर’ असते आणि रहिवाशाला बोलताना बहुधा ‘अकोलेकर’ म्हणतात. वर्ध्याचा मनुष्य ‘वर्धेकर’ आणि जालन्याचा ‘जालनेकर’ होतो, आणि वृत्तपत्रांतून मात्र ‘वर्धाकर’, ‘जालनाकर’ अशी रूपे डोकावतात, ज्यांत मूळ नावाला हात न लावण्याची एक चुकीची भीती दिसते. गावाचे नाव विकारले म्हणजे ते भ्रष्ट झाले, ही समजूत मराठीच्या प्रकृतीला धरून नाही. नाव विकारते ते तोंडात घोळल्यामुळे, आणि तोंडात घोळते ते आपले झाल्यामुळे.

‘कर’ आणि ‘ई’ या दोन प्रत्ययांत आपल्या भाषेने जी वाटणी करून ठेवली आहे, तीही जपण्यासारखी आहे. चप्पल कोल्हापुरी, माणूस कोल्हापूरकर. चादर सोलापुरी, माणूस सोलापूरकर. पगडी पुणेरी, ती डोक्यावर घालणारा पुणेकर. वस्तूला, पदार्थाला, बोलीला आणि स्वभावाला ‘ई’ लागते, आणि माणसाला ‘कर’ लागतो. ‘पुणेरी माणूस’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा रहिवास सांगत नसतो, त्याचा स्वभाव सांगत असतो. प्रदेशांच्या नावांत ही वाटणी टिकत नाही, वऱ्हाडातला माणूसही वऱ्हाडी आणि त्याची बोलीही वऱ्हाडी. पण शहरांच्या बाबतीत ती इतकी स्वच्छ आहे की ‘सोलापुरी नागरिक’ असे कोणी छापले तर कानाला लगेच खटकते.

या ‘कर’चा जुन्या दफ्तरांतील वावर पाहिला म्हणजे त्याचे आणखी एक रूप उलगडते. साध्या रयतेचा ठावठिकाणा सांगताना मोडी कागदांत ‘मौजे’, ‘कसबे’, ‘तर्फ’, ‘परगणे’ अशा पायऱ्यांनी गाव सांगून पुढे ‘साकीन’ किंवा ‘राहणार’ असे घातले जाई, त्यातला ‘रा.’ पोलिसांच्या फिर्यादीत आणि कोर्टाच्या समन्सावर अजून जिवंत आहे. ‘कर’ मात्र त्या दफ्तरांत बहुधा सत्तेचे नाव म्हणून येतो. नागपूरकर भोसले, जंजिरेकर हबशी, मुंबईकर इंग्रज या प्रयोगांत कोण कोठे राहतो यापेक्षा कोणाचा अंमल कोठून चालतो, हे सांगण्याचा उद्देश आहे. पटवर्धनांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील कोतवड्याचे. परंतु जहागिरीच्या वाटण्या झाल्यावर एकाच रक्ताचे सरदार मिरजकर, सांगलीकर, जमखिंडीकर आणि कुरुंदवाडकर झाले, आणि लोकांनी त्यांना ठाण्यावरून वेगळे ओळखले. उलट नीरेच्या काठच्या होळ गावावरून ज्यांना नाव पडले त्या होळकरांनी इंदुरास राज्य केले, तरी ते होळकरच राहिले. त्यांचे गाव त्यांच्याबरोबर माळव्यात गेले. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण महानगरपालिकेच्या करदात्याला हाक मारतो, त्याच शब्दाने दोनशे वर्षांपूर्वी दरबारी चिटणीस संस्थानिकाचा उल्लेख करीत असे. आज तो शब्द झोपडीतल्या आणि बंगल्यातल्या माणसाला सारखाच लागतो, हे मला त्या शब्दाचे भाग्य वाटते.

गोव्याच्या इतिहासात याच शब्दाच्या सख्ख्या भावंडाची कथा निराळी आहे. तेथे ‘गांवकार’ म्हणजे गावात राहणारा कोणीही नव्हे. ज्या कुळांनी गाव वसविले असे मानले जाई, त्यांच्या पुरुषवंशजांना गावकीच्या सामाईक जमिनीत आणि तिच्या कारभारात हक्क असे, आणि तेच गांवकार. पोर्तुगीजांनी 1526 साली या गावकीच्या चालीरीती लेखी सनदेत नोंदवून घेतल्या, तेव्हा हा भेद कागदावरही कायम झाला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राबणारा मनुष्य रहिवासी असूनही गांवकार नसे. आपल्या शहरांच्या ‘कर’ला असा उंबरठा नाही. आजोबा बिहारातून आले असोत की आंध्रातून, ज्याने मुंबईत संसार मांडला तो मुंबईकर. त्याला जात, धर्म वा मातृभाषा विचारण्याची सोय त्या प्रत्ययात नाही. म्हणूनच हिंदी आणि इंग्रजी वृत्तपत्रांनीही ‘मुंबईकर’ हा शब्द जसाच्या तसा उचलला. इंग्रजीने त्याला आपल्या रीतीचे अनेकवचन तेवढे जोडले. ज्या भाषेचा प्रत्यय परभाषांनी मानाने घेतला, त्या भाषेने तो घरी निष्काळजीपणे वापरावा, याचा मला खेद वाटतो.

आडनावांचा खुलासा येथे करणे अवश्य आहे, कारण पुष्कळदा शहराच्या रहिवाशाचे नाव आणि व्यक्तीचे आडनाव यांची गल्लत करून वाद घातले जातात. रहिवासीवाचक शब्द भाषेच्या मालकीचा आहे, आणि त्याचे एक प्रमाण रूप ठरविण्याचा भाषेला अधिकार आहे. आडनाव हे ज्याचे त्याच्या मालकीचे आहे; तो जसे लिहितो तसेच ते छापले पाहिजे, मग ते नियमात बसो वा न बसो. 1962च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, तेव्हा ‘जळगांव’चे ‘जळगाव’ आणि ‘बेळगांव’चे ‘बेळगाव’ झाले, आणि तेथील रहिवासी जळगावकर व बेळगावकर झाले, हे योग्यच झाले. पण एखादे कुटुंब आपल्या दारावर ‘गांवकर’ असा अनुस्वार ठेवीत असेल, तर त्यावर लेखणी चालविण्याचा अधिकार कोणत्याही मुद्रितशोधकाला पोचत नाही. मंगेश पाडगांवकरांचे नाव अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना असे दोन्ही प्रकारे छापलेले आढळते, आणि गदिमांचे ‘माडगूळकर’ व ‘माडगुळकर’ असे दोन्ही प्रकारे. यांपैकी दुसऱ्या नावाची रचना पाहण्यासारखी आहे. गाव माडगुळे, त्यात ‘गु’ ऱ्हस्व. परंतु ‘कर’ लागताना शेवटचा ‘ए’ गळला की उरलेले ‘माडगूळ’ अकारान्त होते, आणि अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ होतो, म्हणून ‘माडगूळकर’. गावात नसलेले दीर्घत्व आडनावात आले, आणि ते नियमानेच आले. शाळेच्या पटावरील एका नोंदीने इतिहास घडतो याचे सर्वांत मोठे उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे: सकपाळ कुळाचे आंबडवे हे गाव, त्यावरून आंबडवेकर, आणि त्यावरून आंबेडकर.

गावाशी असलेला संबंध तुटल्यानंतरही हा प्रत्यय किती चिवटपणे टिकतो, याची दोन उदाहरणे माझ्या मनात नेहमी घर करून असतात. मोगूबाई कुर्डीकर ज्या गावावरून कुर्डीकर झाल्या, ते सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि तेथील लोक इतरत्र वसविले गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाटा, घरांचे पाये, देवळांचे अवशेष उघडे पडतात, आणि एकेकाळचे कुर्डीकर तेथे जमून आपल्या देवाचा उत्सव करतात. वर्षाचे बहुतेक महिने जे गाव जमिनीवर अस्तित्वातच नसते, त्याचे रहिवासीवाचक नाव गायनाच्या इतिहासात आणि त्या लोकांच्या तोंडी शाबूत आहे. दुसरे उदाहरण पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील बेने इस्राएल ज्यूंचे. अलिबाग, पेण, रोहा या भागांत शतकानुशतके तेल गाळण्याचा धंदा करून राहिलेल्या या समाजाने शेजाऱ्यांच्या रीतीप्रमाणे गावांवरून आडनावे घेतली: पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. 1948 नंतर त्यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, तेथे हिब्रू शिकली आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही चालवू लागली. आडनावे मात्र हिब्रू अक्षरांत लिहिली गेली तरी कोकणचीच राहिली. भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या दारावर पेणचे नाव असते, ते या दोन अक्षरांच्या प्रत्ययामुळे.

अशी समृद्ध रीत हाताशी असताना ‘वासी’ या शब्दाकडे लेखणी वारंवार वळते, हे मला अनाठायी वाटते. ‘नगरवासी’, ‘ग्रामवासी’ हे जुने सामासिक शब्द आहेत आणि गंभीर भाषणात ते शोभतात. परंतु ‘मी कोल्हापूरवासी आहे’ असे कोल्हापुरात कोणी म्हणत नाही. हिंदी बातम्यांच्या भाषांतरातून हे रूप आपल्याकडे पसरले असावे असा माझा कयास आहे. त्यातही ‘वासीय’ हे रूप तर सरळ चूक आहे. ‘वासी’ म्हणजेच राहणारा. त्याला पुन्हा ‘ईय’ जोडून ‘राहणाऱ्यासंबंधीचा’ असे काहीतरी तयार होते आणि ‘देशवासीयांनो’, ‘पुणेवासीयांनो’ अशी हाक सभासभांतून दिली जाते. ‘महाराष्ट्रीयन’ या शब्दातही तोच अपराध आहे: ‘महाराष्ट्रीय’ हा संपूर्ण आणि निर्दोष शब्द असताना त्याला इंग्रजी शेपूट कशासाठी? गोव्याच्या लोकांना ‘गोवन’ म्हणणाऱ्यांनी ‘गोमंतकीय’ आणि ‘गोवेकर’ हे आपले दोन शब्द, आणि कोकणीतला ‘गोंयकार’, एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे.

शहरांची नावे बदलली जातात तेव्हा या प्रश्नाला एक नवे अंग फुटते. 2023 साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, आणि त्यानंतर अहमदनगरचे अहिल्यानगर. शहराचे नाव ठरविण्याचा अधिकार शासनाला आहे आणि तसे राजपत्र निघते. परंतु तेथील माणसाला काय म्हणावे, हे कोणत्याही राजपत्रात लिहिलेले नसते, आणि ते तसे लिहिता येणारही नाही. ‘धाराशिवकर’ हे रूप विनासायास बसले, कारण ते तोंडात सहज मावते, आणि गावात ते नाव पूर्वीपासून बोलले जात होते. ‘छत्रपती संभाजीनगरकर’ असे पूर्ण लांबीचे रूप काही वृत्तपत्रे छापतात, पण बोलणारा मनुष्य ‘संभाजीनगरकर’ एवढ्यावर येतो, आणि यात कोणाच्या आदराला बाधा येते असे मला वाटत नाही. अहमदनगरच्या लोकांनी तर पूर्ण नावाला ‘कर’ लावण्याचे कष्ट कधीच घेतले नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या ‘नगरकर’ होते, राम नगरकरांचे आणि किरण नगरकरांचे आडनाव त्याची साक्ष देते, आणि ‘अहिल्यानगर’च्या अखेरीसही ‘नगर’ असल्यामुळे त्यांचा शब्द त्यांच्यापाशी राहिला आहे. ज्यांची आडनावे ‘औरंगाबादकर’ आहेत, त्यांची ती तशीच राहतील, कारण वर म्हटल्याप्रमाणे ती त्यांच्या मालकीची आहेत.

यावर माझी मागणी साधी आणि व्यवहारी आहे. राज्याच्या प्रत्येक तालुक्यातील शहरांची व मोठ्या गावांची एक यादी व्हावी, आणि तीत गावाच्या नावापुढे त्याचे लिंग, त्याचे सामान्यरूप आणि रहिवाशाला लावण्याचा शब्द हे तीन रकाने असावेत. आज शासनाच्या याद्यांत गावाचे नाव मिळते, त्याचा संकेतांक मिळतो, लोकसंख्या मिळते. परंतु ‘वर्ध्याला’ म्हणावे की ‘वर्धेला’, आणि तेथील मनुष्य कोण, हे कोठेच मिळत नाही, आणि मग मुंबईत किंवा पुण्यात बसलेला उपसंपादक अंदाजाने लिहितो. हे काम मुंबईत बसून, व्याकरणाची पुस्तके उघडून करू नये. तालुक्याच्या गावी जाऊन, तेथील शाळामास्तरांना, ग्रंथपालांना, एस.टी.च्या वाहकांना आणि बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांना विचारून ते करावे. कारण वाहक दिवसातून दहा वेळा गावाच्या नावाला प्रत्यय लावतो आणि तो चुकत नाही. जेथे सगळे एकच रूप सांगतील तेथे तेच नोंदवावे, मग ते इतर गावांच्या साच्यात बसो वा न बसो. जेथे दोन रूपे खरोखरच नांदत असतील, तेथे दोन्ही नोंदवावीत आणि अधिक प्रचारातले आधी लिहावे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र महामंडळाच्या नियमांप्रमाणे एकदाच ठरवून टाकावे, त्यात गावागणिक सवलत नको. बुलढाणा की बुलडाणा, नाशिक की नासिक, कऱ्हाड की कराड, असे जे मूळ नावांचेच वाद आहेत, ते या यादीच्या निमित्ताने सुटले तर उत्तमच. पण ते सुटेपर्यंत यादी अडवून धरण्याचे कारण नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांतून दर वर्षी जे विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत फिरतात, त्यांच्यापैकी प्रत्येकाने स्वतःचा एक तालुका घेतला, तरी थोड्या वर्षांत सगळा महाराष्ट्र पुरा होईल; आणि बेळगाव, कारवार, गोवा, इंदूर, बडोदे येथील मराठी मंडळींना यात सामील करून घ्यायला विसरू नये, कारण त्यांच्या गावांची मराठी रूपे विस्मृतीत जाण्याचा धोका अधिक आहे.